हजेरीतला तेवीस नंबर

तेवीस नंबरला ‘हजर बाई’ म्हणणारा आवाज दिपमालाचा नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे बोलता बोलता मीच मला फसवेन. तशी सवय आहे मला. तेहतीस वर्षं पोरं सांभाळलेल्या बाईला वर्गातल्या बत्तीस पोरांचे आवाज फळ्याकडे तोंड करूनही ओळखता येतात. दिपमालाचा हजर अर्धा तोंडातच राहायचा, आणि तिला ‘मोठ्याने’ म्हटलं की उरलेला अर्धाही आत जायचा. हा आवाज चांगला ठणठणीत होता. तिच्या शेजारी बसणाऱ्या मोहिनीचा. मी मान वर केली नाही. पेन चौकोनावर टेकलेलं होतं, हाताने आपोआप तिरकी रेघ ओढली, आणि मी म्हटलं, ‘चोवीस.’ बस्, एवढंच झालं. एप्रिलातला शनिवार होता, सकाळची शाळा, सव्वासात वाजलेले, आणि तेवढ्या सकाळीसुद्धा खिडकीच्या गजाला हात लावला तर कोमट लागत होता. वर्गात पोरं नेहमीपेक्षा शांत होती. एकतीस तोंडं माझ्याकडे बघत होती आणि त्या बघण्यात विनंती होती, थोडी लबाडीही होती. त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं.

सगळं त्या झेंड्यासाठी. तो माझ्याच डोक्यातून निघालेला. धुळ्यातली आमची शाळा नदीकाठच्या वस्तीतली, पोरांचे आईबाप पहाटेच कामाला जाणारे, त्यामुळे निम्मी पोरं उशिरा यायची आणि पाव पोरं यायचीच नाहीत. मी घरी जाऊन पोरं ओढून आणली, आयांशी भांडले, काही उपयोग नाही. मग एक दिवस पांढऱ्या सॅटिनचा झेंडा शिवला, त्यावर लाल दोऱ्याने ‘शंभर टक्के’ भरलं, आणि जाहीर केलं की आठवडाभर एकही पोर गैरहजर नाही त्या वर्गाच्या दाराला झेंडा. बाकीच्या वर्गांच्या बाया हसल्या. हसू दे म्हटलं. दोन महिन्यांत पोरं तापातसुद्धा यायला लागली. गालगुंड झालेली पोरं रुमाल बांधून यायला लागली, मी त्यांचं कौतुक केलं, सगळ्या वर्गासमोर उभं करून. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? सलग चार आठवडे झेंडा टिकवला की केंद्रप्रमुख येणार होते, फोटो काढून जिल्ह्याच्या ऑफिसात पाठवणार होते. हा चौथा आठवडा. हा शनिवार. आणि नेमका दिपमालाच्या गल्लीत नळाचा दिवस. तिची आई सारिका पाचलाच खानावळीत भाकऱ्या थापायला जाते, बाप ज्ञानेश्वर ट्रकवर, म्हणून नळाच्या दिवशी पाणी भरणं त्या आठ वर्षांच्या पोरीकडे. चार वाजता उठायचं, हंडे लावायचे, मग शाळा. सोमवारीच मी तिला झापलं होतं. काय म्हटलं होतं तेही लक्षात आहे: ‘आता उशीर झाला तर आईला घेऊन ये, नाहीतर येऊच नकोस.’ असलं वाक्य आम्ही दिवसातून दहा वेळा बोलतो. बोलून विसरतो.

तीस नंबरपर्यंत आले आणि खिडकीतून दिसली ती. फाटक सात दहाला लागतं. फाटकाबाहेर दप्तर दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी, केस ओले, एका वेणीची रिबीन सुटलेली. शिपाई सुकदेवभाऊ आतून फाटकाशी. आमची एक रीत आहे. उशिरा आलेलं पोर असलं की सुकदेवभाऊ वर्गाच्या खिडकीकडे बघून हात वर करतात, बाईने मान हलवली की फाटक उघडतात, आणि ते पोर आधी ऑफिसात जाऊन उशिराच्या वहीत नाव घालून मग वर्गात येतं. त्यांनी हात वर केला. मी पाहिलं. उशिराच्या वहीत तिचं नाव म्हणजे पत्रकातला तेवीस नंबर खोटा, आणि पत्रकात खाडाखोड चालत नाही, आणि मोहिनी सगळ्या वर्गासमोर खोटारडी, आणि झेंडा गेला. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं नाही. मी फक्त पुन्हा पत्रकात पाहिलं. एकतीस म्हटलं, बत्तीस म्हटलं, बेरीज केली, खाली सही केली. सहीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मान वर केली तेव्हा सुकदेवभाऊ पाण्याच्या माठांकडे निघाले होते आणि फाटकाबाहेर कोणी नव्हतं. गेली घरी, मी मनात म्हटलं. बरंच झालं, झोप तरी काढेल बिचारी. ‘बिचारी’ म्हणताना मला स्वतःविषयी जरा बरंही वाटलं.

खरं म्हणजे पत्रकातली पोरं वेगळी आणि बाकावरची वेगळी, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. पिंपळनेरच्या पुढे एका पाड्यावरची शाळा होती. दिवाळी झाली की सगळा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जायचा आणि माझ्यापुढे सात पोरं उरायची, पत्रकावर चौतीस. तिथले मोठे गुरुजी म्हणाले, ‘बाई, हजर मांडत जा. पट घसरला तर शाळा बंद होईल, मग ही सातसुद्धा कुठे जातील?’ त्यात तथ्य होतं, आणि मी तेवीस वर्षांची, मांडत गेले. रोज संध्याकाळी चिमणीच्या काचेसारखं स्वच्छ अक्षर काढून सत्तावीस न आलेल्या पोरांना हजर करायचे. त्यात एक कुंदन होता, काळा, हसरा, डाव्या हाताने लिहायचा. वैशाखात पाडा परत आला तेव्हा त्याची आई एकटीच आली. फडात साप चावला होता, फेब्रुवारीत. मी त्याला एप्रिलअखेरपर्यंत हजर ठेवला होता. मार्चमध्ये त्याची वजनउंचीसुद्धा मांडली होती, दोन सेंटिमीटर वाढवून. त्या बाईपुढे मी काय बोलले आठवत नाही, पण रात्री पत्रक उघडून त्याच्या नावासमोरच्या रेघांवरून बोट फिरवलं होतं, ते बोट आठवतं. आणि आता बघा, त्या शनिवारी सकाळी मला कुंदन आठवला का? नाही आठवला. मला फोटोची साडी चुरगळू नये याची काळजी होती.

नऊ वाजता केंद्रप्रमुख आले, खिचडी झाली, आणि मी वर्गाला मागच्या अंगणात नेलं, कारण पुढे ऊन समोरून येत होतं आणि पोरं डोळे मिचकावत होती. मागे टाक्यांच्या पलीकडे पत्र्याची खोली आहे, मोडके बाक ठेवायची. तिच्यासमोरच रांगा केल्या. उंच पोरं मागे, लहान पुढे, झेंडा मधे मोहिनीच्या आणि दुसऱ्या एका पोरीच्या हातात. केंद्रप्रमुख मोबाईल डोळ्यासमोर धरून म्हणाले, ‘मॅडम, बत्तीस ना सगळे?’ मी म्हटलं, ‘सगळे सर.’ मोहिनीने झेंड्याचं टोक घट्ट पिळलं होतं. मी तिला म्हटलं, ‘हस ना गं, असं काय कुणी मेल्यासारखं तोंड केलंय!’ ती लगेच हसली. मी म्हणेन ते करते ती. तसा फोटो आला आहे, अजून मोबाईलमध्ये आहे, पुसण्याचं धाडस झालेलं नाही. मागे खोलीचं दार दिसतं, जरासं उघडं.

अकराला शाळा सुटली. पोरं गेली, बाया गेल्या, मी महिन्याची बेरीज करत बसले होते. बाराच्या सुमाराला सारिका आली. डोक्यावर ओला टॉवेल, हाताला अजून पीठ. ‘बाई, मनी दिपू आजून घर उनी नही. तुमनाकडे शे का?’ काळजात धस्स झालं म्हणतात ना, तसं झालं नाही. आधी काहीच झालं नाही. मग पायाच्या तळव्यातून गार गार काहीतरी वर चढायला लागलं. घरी नाही? मग सकाळपासून? सव्वासातपासून? मी तोंड उघडलंही असेल, पण तेवढ्यात मुख्याध्यापक अभिमन सर ऑफिसातून आले, माझ्या हातातलं पत्रक घेतलं, बोटाने ओळ धरली आणि अगदी प्रेमाने म्हणाले, ‘ताई, घाबरू नका. हजर आहे ती. खिचडीच्या यादीतही आहे. अकराला सुटली शाळा, तासाभरात कुठे जाते? मैत्रिणीकडे बसली असेल.’ हवा निघावी तसे सारिकाचे खांदे खाली आले. तासाभराचीच गोष्ट. मीही तो तास दोन्ही हातांनी धरला. मला भीती वाटत होती, आणि लाज सोडून सांगते, दिपमालासाठी नाही. माझ्यासाठी. चौकशी, निलंबन, दोन वर्षांवर आलेली निवृत्ती, ‘कोकिळा मॅडमनी खोटी हजेरी मांडली’ म्हणत हसणाऱ्या त्या बाया. सापडेल, मी म्हटलं. कोपऱ्यावरच्या दुकानात सापडेल, मग उगीच कशाला बोला.

साडेबारापर्यंत मैत्रिणींची घरं झाली. ज्ञानेश्वर ट्रक अड्ड्यावर सोडून मोटारसायकल घेऊन आला, शेजारची चारपाच माणसं आली, एक वाजता चौकीतून हवालदार आला. शांत माणूस होता, कपाळावरचा घाम बोटाने निपटून काढत होता. बाहेर रस्ता नुसता पांढरा पडला होता, कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. त्याने विचारलं, ‘शेवटी कोणी पाहिलं?’ मोहिनीला घरून आणलं होतं. ती आजीचा पदर धरून उभी होती. हवालदार खाली बसला आणि म्हणाला, ‘बेटा, दिपमाला आज वर्गात होती?’ तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला ठाऊक नाही, पण ते तिला वाचता आलं. ‘होती.’ ‘शाळा सुटल्यावर कुठे गेली?’ पुन्हा माझ्याकडे. मी त्यांना शिकवलं आहे, एका शब्दात उत्तर द्यायचं नाही, पूर्ण वाक्यात द्यायचं. मोहिनीने हात बांधले आणि पूर्ण वाक्यात सांगितलं, ‘दिपमाला म्हणाली की मी आज शिंदखेड्याला माझ्या आजीकडे जाणार आहे.’ इतकं स्वच्छ, इतकं खरं वाटणारं. ज्ञानेश्वर ‘आजीकडे? एकटी?’ म्हणत उठलाच. त्याने गाडीला किक मारली, माझ्या डोळ्यांदेखत तो शिंदखेड्याच्या रस्त्याला लागला, बाकीचे बसस्टँडकडे पळाले. मी माठातलं पाणी घेतलं आणि प्यायले. ते पाणी पीत होते, हे सांगताना अजून जड जातं. आणि अभिमन सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, ‘पत्रकात हजर आहे ना मॅडम, मग शाळेवर काही येत नाही. सुटल्यानंतरचं आपल्याकडे नाही.’ वाईट माणूस नाही तो. तोही घाबरला होता. ‘उद्या रविवार,’ ते म्हणाले, ‘कुलपं लावून घेऊ, सोमवारी बघू.’

व्हरांड्याच्या पायरीवर सारिका एकटी बसली होती. तिला घरी जा म्हणत होते, ती जात नव्हती, पोर शाळेतच परत येईल असं तिला वाटत होतं. मी कुलपाची वाट बघत तिच्या मागे उभी. दोन वाजायला आले होते. अंगणातून गरम वारा येत होता आणि तिच्या टॉवेलचं टोक वाळून कडक झालं होतं. तिने मागे न बघताच विचारलं, ‘बाई, आज तिनी खिचडी खादी का? सकाये काही खादं नव्हतं, नळ उना होता ना.’ मी म्हटलं, ‘खाल्ली.’ आणि तेवढ्यावर थांबायला काय झालं होतं मला? ‘दोनदा घेतली,’ मी म्हटलं. ती वळली. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. ‘दोनदा? मंग टिकी जाई, बाई. पोटमा अन्न शे ना, मंग उन्हमा टिकी जाई.’ ती स्वतःशीच मान हलवत राहिली. तोपर्यंत मी गप्प राहिले होते. गप्प राहण्याला खोटं म्हणायचं की नाही यावर मी स्वतःशी वाद घालू शकत होते. पण ही खिचडी मी माझ्या तोंडाने त्या पोरीच्या पोटात घातली होती, आणि तिची आई त्या खिचडीच्या भरवशावर उन्हाचे तास मोजत होती. मी पायरीवर बसले आणि ओरडले. एवढं ओरडायची गरज नव्हती, ती शेजारीच होती. ‘ती आज वर्गात आलीच नाही गं! मी खोटी हजेरी मांडली. सव्वासातला फाटकाशी उभी होती, मी पाहिलं, मी आत घेतली नाही!’

हवालदार फाटकातून परत येत होता, त्याने ऐकलं. अभिमन सरांनी ऐकलं. सारिकाने ऐकलं की नाही कळेना, ती माझ्या तोंडाकडे नुसती बघत होती. ‘सकाळी सातला?’ हवालदार म्हणाला. ‘म्हणजे आम्ही सात तास मागे आहोत? मॅडम, तुम्ही बाई आहात का कोण?’ आणि मग सुकदेवभाऊ, जे दिवसभर एक अक्षर बोलले नव्हते, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन तिथेच उभे होते, ते म्हणाले, ‘सायेब, ती बाहेर नही गई. मी माठाकडे जाई ऱ्हायंतू, तैं ती भिंतना कडेकडेनं मागे वळनी. मागली भिंत पडेल शे, भगदाड शे तठे. उशीर झाया म्हंजे पोरे तठूनच येतस. माले वाटनं, मॅडमनी पाह्यं, घेतली व्हई वर्गमा.’ ‘मग गेली कुठे?’ हवालदार ओरडला. सुकदेवभाऊ जुडग्याकडे बघत राहिले. मग एक किल्ली त्यांनी चिमटीत वेगळी धरली. ‘पत्रानी खोली,’ ते म्हणाले, ‘आकरा वाजता मीच कुलूप लायं.’

धावताना माणसाच्या डोक्यात किती गोष्टी येतात! टाक्यांपर्यंतचं अंतर तीस पावलं असेल, पण त्यात मला सगळी सकाळ दिसली. ती मागून आली असणार, मधल्या सुट्टीत पोरांत मिसळून जाऊ म्हणून खोलीत शिरली असणार. आणि मधल्या सुट्टीत नेमकी मी तिच्या दारासमोर सगळा वर्ग घेऊन उभी, केंद्रप्रमुखांसह, झेंड्यासह. दाराच्या फटीतून तिने बघितलं असणार, ‘सगळे बत्तीस’ म्हणताना ऐकलं असणार. मग कशी बाहेर येईल? पहाटे चारची उठलेली, बाकाखाली टेकली असेल, डोळा लागला असेल. आणि कडी लागल्यावर जाग आली तरी तिने आवाज दिला नसणार. आवाज दिला तर उशीर पकडला जाईल. आईला बोलवावं लागेल. मी तिला ओळखते. उशीर लपवायला ती श्वाससुद्धा दाबून धरेल, आधी लपायचं म्हणून दाबेल, मग उन्हाने आवाजच उरणार नाही. कुलपात किल्ली जाईना. हवालदाराने सुकदेवभाऊंना बाजूला केलं. पत्र्याला हात लागला तसा त्याने झटकन मागे घेतला.

दार उघडलं तेव्हा आतून जी वाफ आली तिला जुन्या लाकडाचा आणि लघवीचा वास होता. ती बाकांच्या मधे कुशीवर पडली होती, दप्तर डोक्याखाली. ओठ पांढरे, केस कपाळाला चिकटून वाळलेले. घाम नव्हता, हेच पाहून हवालदार चरकला. ‘श्वास आहे,’ तो म्हणाला, ‘पाणी आणा, गाडी बोलवा.’ अभिमन सर फोनवर पत्ता सांगायला लागले आणि स्वतःच्या शाळेचा पत्ता त्यांना आठवेना. टाकीच्या सावलीत तिला आणून ठेवलं. सारिकाने डोक्यावरचा टॉवेल भिजवून तिच्या छातीवर टाकला आणि ‘दिपू, ओ दिपू, मनी माय’ असं एकसारखं म्हणत राहिली, रडत नव्हती, नुसती हाका मारत होती. मी तिच्या पायांशी बसले होते. कोणी मला हाकललं नाही, ते अजून मला समजत नाही. पाण्याचे थेंब ओठांवर पडले, जीभ हलली, आणि खूप वेळाने डोळे किलकिले झाले. ते आईवर थांबले नाहीत. ते फिरत फिरत माझ्यापर्यंत आले आणि माझ्यावर स्थिर झाले. तिने मला ओळखलं. मला वाटलं रडेल, किंवा तोंड फिरवेल, फिरवावंच असं मी देवाला म्हणत होते. तिने उजवा हात हलवला. तो उचलवत नव्हता, तरी तिने तो मातीवरून सरकवत माझ्या दिशेने पुढे केला, पंजा उताणा केला, बोटं सरळ ताठ केली आणि डोळे गच्च मिटून घेतले. छडी घेण्यासाठी करतात तसा.

‘काय करस ती, बाई?’ सारिकाने विचारलं. मग तिचं तिलाच कळलं. तिने तो तळवा आपल्या हाताने मिटवला, तो पुन्हा उघडला. पुन्हा मिटवला, पुन्हा उघडला. बाहेर गाडीचा भोंगा जवळ येत होता. सारिकाने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग असता तर मी तो घेतला असता, पण नव्हता, अजून नव्हता, एवढं सगळं ऐकूनही तिला मीच बाई वाटत होते.

‘तुम्ही सांगा ना तिले, बाई मारत नही म्हनीसन,’ ती म्हणाली. ‘मनं नही आयकस ती. तुमनंच आयकस.’